फ्रिट्झ बेनेविट्स : वायमारचा दिग्दर्शक, भारताची तालीम



परदेशी दिग्दर्शक भारतात येतो तेव्हा बहुधा काय घडते, हे दिल्लीच्या मंडी हाऊस परिसरात वावरणाऱ्यांना ठाऊक आहे. निमंत्रणे छापली जातात, दोन-तीन प्रयोग होतात, टाळ्या पडतात आणि पाहुणा आपले नाटक गाठोड्यात बांधून परत जातो. देणारा देतो, घेणारा घेतो; बदलत मात्र कोणीच नाही. पूर्व जर्मनीतील वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्स यांचे कार्य या रिवाजाला अपवाद ठरले. १९७० पासून जवळजवळ पाव शतक ते पुन्हा पुन्हा या देशात आले. त्यांच्या कार्याकडे पाहताना एक प्रश्न समोर ठेवावा लागतो : निरनिराळ्या देशांच्या जनतेतील सांस्कृतिक बंधुभाव ही व्यासपीठावरची घोषणा आहे, की तो रोजच्या कामातून सिद्ध करण्याची गोष्ट आहे?

बेनेविट्स यांचा जन्म १९२६ साली केम्निट्झ या औद्योगिक शहरात झाला. हिटलरशाहीत वाढलेली आणि तिच्या भग्नावशेषांवर नवा समाज उभारू पाहणारी ही पिढी. माइनिंगेनच्या नाट्यगृहात काही वर्षे काम केल्यावर १९६० साली ते वायमारच्या जर्मन राष्ट्रीय नाट्यगृहात आले. वायमार हे गटे आणि शिलर यांचे गाव. पण त्याच गावाजवळच्या टेकडीवर १९३७ ते १९४५ या काळात बुखेनवाल्डची छळछावणी होती. अभिजात साहित्याचा अभिमान आणि माणसांचा संहार शेजारी शेजारी नांदू शकतात, हे ज्या गावाने पाहिले, तेथे अभिजात नाटक नुसत्या भक्तिभावाने करून भागणार नव्हते. बेनेविट्स यांनी गटेचे ‘फाउस्ट’ वायमारमध्ये एकदा बसवून सोडून दिले नाही. ते पुन्हा पुन्हा नव्याने उभे केले. काळ बदलला की त्याच संहितेला नवे प्रश्न विचारले पाहिजेत, ही त्यांची भूमिका यातून दिसते.

१९७० साली त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात ब्रेख्तचे ‘थ्री पेनी ऑपेरा’ हिंदीत बसवले. विद्यालयाचे संचालक तेव्हा पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी होते. भारत आणि पूर्व जर्मनी यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले ते १९७२ च्या ऑक्टोबरात. म्हणजे सरकारांच्या आधी नाटक पोहोचले होते!

हे नाटक निवडण्यात धोकाही होता. १९२८ साली बर्लिनमध्ये ते प्रथम रंगभूमीवर आले, तेव्हा भिकाऱ्यांचा धंदा चालवणारा पीचम, दरोडेखोर मॅकहीथ आणि त्याचा मित्र पोलीसप्रमुख यांच्या आरशात भांडवलशाही समाजाने स्वतःला पाहावे, अशी ब्रेख्तची अपेक्षा होती. पण सुखवस्तू प्रेक्षकांनी कुर्ट वाइलची गाणी गुणगुणत घरची वाट धरली. आरसा करमणुकीची वस्तू बनला. राजधानीच्या नाट्यगृहातही हेच घडण्याची शक्यता होती आणि आजही आहे. ब्रेख्त शोभेसाठी वापरला जाऊ शकतो.

यावर उतारा कोणता? ब्रेख्तच्या परंपरेतील दिग्दर्शक नटाला आधी भावना विचारत नाही, घटना विचारतो. या प्रसंगात कोण कोणाकडून काय घेतो? फायदा कोणाचा? हा माणूस याहून वेगळे वागू शकला असता काय? या प्रश्नांतून चालण्या-बोलण्याच्या आणि पैसे मोजण्याच्या लकबीतही समाजातील नाते उघडे पडते. हिंदी, मराठी वा बंगाली ही बेनेविट्स यांची भाषा नव्हती. त्यामुळे अनुवादक, सहदिग्दर्शक आणि नट यांच्यावाचून त्यांना एक पाऊलही टाकता येत नव्हते. ही अडचण त्यांच्या कामाची पद्धत बनली. बर्लिनचा तयार नमुना आणून त्याबरहुकूम नटांना उभे करणे त्यांनी टाळले. येथल्या माणसांची बोली, हालचाल आणि गाणे यांतूनच नाटकाचा अर्थ शोधला.

मराठी रंगभूमीवर याचे फळ दिसले ते ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नाटकात. ‘कॉकेशियन चॉक सर्कल’चे हे रूपांतर चिं. त्र्यं. खानोलकरांनी केले आणि विजया मेहता व बेनेविट्स यांनी ते मिळून उभे केले. मूल कोणाचे? जन्म देऊन संकटात टाकून गेलेल्या राज्यपालपत्नीचे, की जिवावर उदार होऊन त्याला सांभाळणाऱ्या मोलकरणीचे? नाटकाच्या आरंभी हाच प्रश्न जमिनीसंबंधी विचारला गेला आहे. जी निगा राखील तिचे मूल, जो पिकवील त्याची जमीन. हा निवाडा महाराष्ट्रातील कुळांना आणि शेतमजुरांना परका वाटण्याचे कारण नव्हते. प्रयोगाने तमाशाच्या रीतींचा आधार घेतला. प्रेक्षकांशी थेट बोलणारा आणि कथा मध्येच थांबवून तिच्यावर टिप्पणी करणारा नट ब्रेख्तने मोठ्या प्रयासाने युरोपीय रंगभूमीवर आणला. मराठी फडावर तो पिढ्यान्‌पिढ्या उभाच होता. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि लाल बावटा कलापथकाने त्याच्या हाती कामगारांचा प्रश्न दिला, त्यालाही तेव्हा तीन दशके होत आली होती.

१९८० साली कलकत्त्यात बेनेविट्स यांनी ‘गॅलिलिओ’ बसवले. प्रमुख भूमिका शंभू मित्र यांची होती. सत्य ठाऊक असूनही सत्तेपुढे माघार घेणाऱ्या शास्त्रज्ञाची ही कथा. पुढे भोपाळच्या भारत भवनातही त्यांनी काम केले आणि फिलिपीन्समधील लोकाभिमुख रंगकर्मींबरोबरही.

देवाणघेवाणीची खरी कसोटी मात्र परतीच्या वाटेवर लागते. १९७६ साली विजया मेहता यांनी वायमारमध्ये जर्मन नटांकडून विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ करवून घेतले; नंतर गिरीश कार्नाडांचे ‘हयवदन’ही तेथे गेले. शिकवायला आलेल्याचेच नाट्यगृह शिकायला बसले. हे ऋण जुनेच आहे. ‘शाकुंतल’ जर्मनमध्ये वाचून गटे भारावला होता आणि ‘फाउस्ट’च्या आरंभीचा रंगमंचावरील संवाद त्याला कालिदासाच्या सूत्रधारावरून सुचला, असे अभ्यासक मानतात.

या कार्याची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. ते बहुतांशी सरकारी संस्थांच्या आणि शहरी मंडळींच्या आश्रयाने झाले. दिल्लीच्या सीमेवरील कारखान्यांतला कामगार त्या प्रेक्षागृहात बसलेला नव्हता. त्याच्यापर्यंत जाण्याचे काम १९७३ साली स्थापन झालेल्या जन नाट्य मंचाने केले. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादच्या झंडापूर वस्तीत ‘हल्ला बोल’ चालू असताना हल्ला झाला; राम बहादूर हा कामगार मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी सफदर हाश्मी यांनी प्राण सोडले. नाट्यगृहातला ब्रेख्त आणि रस्त्यावरचा पथनाट्यकार यांना परस्परांविरुद्ध उभे करण्याचे कारण नाही. पहिल्याजवळ तालमीची शिस्त आहे, दुसऱ्याजवळ ज्यांच्यासाठी नाटक करायचे ते लोक आहेत. शिस्तीवाचून पथनाट्य घोषणाबाजीत विरून जाते. लोकांवाचून ब्रेख्त दिवाणखान्यात जाऊन बसतो.

बेनेविट्स यांना पाठवणारे राज्य १९९० साली नाहीसे झाले. तरीही त्यांचे भारताशी नाते तुटले नाही. १९९५ साली त्यांचे निधन झाले. राज्याचा करार संपतो, तालमीत मिळून शोधलेले टिकते. आज एखादे कलापथक गावात वा वस्तीत नाटक बसवायला घेईल, तेव्हा त्याला जर्मन ग्रंथांची पारायणे करण्याची गरज नाही. पहिल्याच तालमीला नटांना गोल बसवून प्रत्येक प्रसंगाविषयी एवढेच विचारावे : यात फायदा कोणाचा? आणि उत्तर सापडेपर्यंत उठू नये.