रात्रीचा घाट आणि डोळ्यांचा तिरका नंबर
(महाड व पोलादपूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेले भाषण)



या व्यासपीठावरून मी आजवर भाताच्या भावाबद्दल बोललो, सोसायटीच्या कर्जाबद्दल बोललो, वीजबिलाबद्दल तर बोलून बोलून तुमचे कान किटले असतील. आज डोळ्यांच्या नंबराबद्दल बोलणार आहे. मागे बसलेली दोन-तीन पोरे हसली ती मला दिसली. दिसली, कारण आज डोळ्यांवर बरोबर नंबराचा चष्मा आहे. तीन वर्षांपूर्वी असता तर या गोष्टीचे भाषण करायची वेळच आली नसती.

आपल्या दोन तालुक्यांत जमीन थोडी, डोंगर फार. एका पिकावर घर चालत नाही, म्हणून घरटी एक माणूस मुंबईला आणि एक गाडीवर. कोणी पिकअप चालवतो, कोणी सहाआसनी, कोणी कंपनीचा टँकर, कोणी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी रातोरात वाशीला पोचवतो. भात पिकवणाऱ्या घरांचा रोख पैसा गाडीच्या चाकावर येतो, आणि ते चाक फिरते ते कशेडीत, आंबेनळीत आणि वरंध्यात. तेव्हा ड्रायव्हरचे डोळे हा शेतीच्या अर्थकारणातलाच विषय आहे, असे मी मानतो.

आधी माझी फजिती सांगतो. मला चष्मा आहे, दूरचा. पावसात मोटारसायकलवर काचांवर पाणी, हेल्मेट घातले की काचांवर वाफ. पुतण्या म्हणाला, काका, लेन्स घ्या. शहरातल्या एका दुकानात गेलो. माझ्या चिठ्ठीवर गोल नंबर उणे दोन, सिलिंडर उणे सव्वा, अ‍ॅक्सिस नव्वद. दुकानदार म्हणाला, सिलिंडर थोडाच आहे, साध्या लेन्सवर भागेल, कशाला जास्त पैसे घालता? स्वस्त म्हटल्यावर शेतकऱ्याला पटायला वेळ लागत नाही. दिवसा सगळे झकास दिसले.

आठ दिवसांनी खेडहून माल टाकून रात्री परत येत होतो. कशेडीच्या जुन्या घाटात पुढे एक ट्रेलर रांगत चढत होता. समोरून एक दिवा येताना दिसला. एकच दिवा, जरा पसरट. म्हटले मोटारसायकल आहे, कडेने जाईल. गाडी बाहेर काढली. शेजारी बसलेला पुतण्या ओरडला, "काका, ट्रक!" ब्रेक मारून ट्रेलरच्या मागे परत शिरलो तेव्हा तो ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला. दिवे दोन होते. माझ्या डोळ्यांनी त्या दोघांचा एक केला होता. पुतण्या घरापर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि मीही नाही.

हे असे का झाले ते समजून घ्या. डोळ्यावर बाहेरच्या बाजूला काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. तो चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल असेल तर प्रकाश एका बिंदूत जमतो. पण पुष्कळ लोकांचा तो तसा नसतो. पळीची पाठ बघा, लांबीच्या बाजूने कमी वाकलेली आणि रुंदीच्या बाजूने जास्त. डोळा असा असला की उभ्या दिशेचा प्रकाश एका ठिकाणी आणि आडव्या दिशेचा दुसऱ्या ठिकाणी जमतो. मग बिंदूची रेघ होते. पुस्तकी मराठीत याला दृष्टिवैषम्य म्हणतात, डॉक्टर सिलिंड्रिकल नंबर म्हणतात, आपण तिरका नंबर म्हणू. माझ्या नंबरात दिवा आडवा फाकतो. ट्रकच्या दोन दिव्यांमध्ये पाच-सहा फुटांचे अंतर, पण दोनशे मीटरवरून ते अंतर इतके लहान दिसते की दोन्ही आडव्या रेघा एकमेकींत मिसळतात. आणि समोरची गाडी किती लांब आहे हे रात्री आपण बऱ्याच अंशी त्या दोन दिव्यांमधल्या अंतरावरूनच ठरवतो. दिवे मिसळले, अंदाज गेला. ज्यांचा अ‍ॅक्सिस आडवा असतो त्यांना दिव्यातून वर-खाली शेपट्या निघालेल्या दिसतात. काहींना चांदणी दिसते.

दिवसा हा दोष लपतो. उजेडात डोळ्याची बाहुली बारीक होते आणि बारीक भोकातून पाहिले की सगळ्यांनाच जरा स्पष्ट दिसते. म्हाताऱ्या माणसांनी डोळे बारीक करून एसटीची पाटी वाचताना पाहिले आहे ना, तोच प्रकार. रात्री बाहुली मोठी होते आणि दोष सगळा उघडा पडतो.

आता सरकारी कागद पाहा. लायसन्ससाठी फॉर्म नंबर एक भरून द्यावा लागतो. त्यात विचारलेले आहे की चांगल्या दिवसाच्या उजेडात, चष्मा असल्यास चष्म्यासह, पंचवीस मीटरवरून मोटारगाडीची नंबरप्लेट वाचता येते का. दिवसाच्या उजेडात! रातांधळेपणा आहे का, असाही एक प्रश्न आहे. त्यावर सगळे "नाही" लिहितात आणि एजंट कागद पुढे सरकवतो. कशेडीत रात्री पावसात समोरून प्रखर पांढरा दिवा आला तर काय दिसते, हे कोणत्याही फॉर्मात विचारलेले नाही. म्हणजे फॉर्मात पास झालेला ड्रायव्हर घाटात नापास असू शकतो आणि त्याची त्यालाच खबर नसते. मला तरी कुठे होती?

कोणी म्हणेल, सव्वाचा नंबर म्हणजे काय मोठा. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला नेमका याच थोड्या नंबरावर प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष 2019 साली छापून आला. तिरका नंबर असलेल्या माणसांना रात्री बंद रस्त्यावर गाडी चालवायला लावली, एकदा साध्या गोल लेन्स घालून आणि एकदा तिरका नंबर दुरुस्त करणाऱ्या लेन्स घालून. दुरुस्त लेन्सवर पाट्या लांबून वाचता आल्या, रस्त्यात ठेवलेले फिकट अडथळे जास्त चुकवता आले. माणसे थोडीच होती, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत बांधू नका. पण फिकट अडथळा म्हणजे आपल्याकडे काय? काळे घोंगडे पांघरून कडेने चाललेला म्हातारा, रस्त्यात बसलेली गुरे, बिनदिव्याची बंद पडलेली गाडी. ताशी साठच्या वेगाने एका सेकंदात गाडी सोळा-सतरा मीटर जाते. वळणावर एक सेकंद उशिरा दिसणे म्हणजे काय, ते या सभेत मी कोणाला शिकवायला नको.

तिरका नंबर दुरुस्त करणाऱ्या लेन्सला टॉरिक लेन्स म्हणतात. साधी लेन्स डोळ्यात गोल फिरली तरी बिघडत नाही, तिला उभे-आडवे नसते. टॉरिक लेन्सला असते. म्हणून तिची खालची बाजू जरा जाड व जड ठेवतात किंवा कडा अशा घडवतात की पापण्यांच्या उघडझापीने ती जागेवर राहावी. ती दहा अंश फिरली की दुरुस्तीचा जवळजवळ तिसरा हिस्सा वाया जातो. तीस अंश फिरली तर लेन्स घालूनही तिरका नंबर होता तेवढाच उरतो, फक्त दिशा बदलते. डोळा चोळला, आडवे पडून उठलात, लेन्स सुकली, की ती फिरू शकते. नजर एकदम स्वच्छ, एकदम धुरकट, पुन्हा स्वच्छ असे व्हायला लागले तर लेन्स फिरते आहे हे ओळखा आणि गाडी बाजूला घ्या. डॉक्टरकडे लेन्स घालून पंधरा-वीस मिनिटे बसा, ती कशी बसली हे त्यांना यंत्राखाली पाहू द्या, मगच पैसे द्या. लेन्सचे फायदेही आहेत, ते नाकारत नाही. कडेचे नीट दिसते, वाफ धरत नाही.

पण आपल्या कामाला लेन्स कितपत चालते? मला विचाराल तर फारशी नाही. चुलीचा धूर, मळणीची धूळ, फवारणी, भातकापणीत डोळ्याला लागणारे पाते, या सगळ्यांत डोळ्यात लेन्स नको. पात्याने किंवा धसाने डोळा खरचटला तर बुरशीची जखम होते आणि ती भल्याभल्यांची नजर घेऊन जाते. लेन्स नळाच्या, ओढ्याच्या, बाटलीतल्या पिण्याच्या पाण्यानेही धुवायची नाही, तिचे औषधी पाणी वेगळे मिळते. पाण्यातला एक सूक्ष्म जीव लेन्सखाली अडकला की बुबुळ पोखरतो. ढाब्यावर गाडी लावून लेन्स घालूनच दोन तास डुलकी काढणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. ते सोडा. केबिनमधल्या पंख्याचा झोत थेट डोळ्यांवर घेऊ नका. आणि लेन्स घालणाऱ्याने ताज्या नंबराचा चष्मा गाडीत ठेवलाच पाहिजे. आंबेनळीच्या वळणावर एक लेन्स निसटली तर दुसऱ्या डोळ्यावर पोलादपूर गाठणार का? लग्नासाठी रंगीत लेन्स घालून रात्री वरात हाकणाऱ्या पोरांनी एवढे लक्षात ठेवावे की रात्री बाहुली मोठी होते आणि तो रंग बाहुलीच्या आड येतो.

खर्चाचे बोलू. टॉरिक लेन्सचा दोन डोळ्यांचा महिन्याचा खर्च हजार-दीड हजारांच्या आसपास जातो, चांगल्या मेकची त्याहून महाग. 2025-26 च्या हंगामात साध्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला 2369 रुपये धरली आहे. म्हणजे वर्षाला सहा-सात क्विंटल भात डोळ्यांत घालायचा. आपल्यातल्या कित्येकांच्या शेतात विकायला तेवढा भात उरतही नाही. सिलिंडरचा चष्मा मात्र एका क्विंटलच्या आतबाहेर होतो आणि दोन वर्षे टिकतो. चष्म्याने तिरका नंबर पुरता दुरुस्त होतो, काच फिरत नाही. पण फ्रेम वाकडी झाली की तीही तिरपी बसते, एवढे पाहा. बाजारात हातगाडीवर मिळणाऱ्या तयार चष्म्यात सिलिंडर नसतो. रात्रीसाठी म्हणून विकतात त्या पिवळ्या काचांचा उपयोग होत नाही, उलट थोडा उजेडच कमी होतो.

नंबर लपवायची खोड मात्र आपलीच आहे. चष्म्याचा ड्रायव्हर म्हटले की मालक नाक मुरडतो, चष्म्याचा नवरा म्हटले की पोरीकडचे. म्हणून पोरगा चष्मा खिशात ठेवून घाट उतरतो. मायबहिणींनो, यात तुम्ही बोलले पाहिजे. शाळेतल्या पोरांचे पण बघा. दरवर्षी सिलिंडर वाढत असेल, पोर सारखे डोळे चोळत असेल, तर पडदा कोनासारखा पुढे येण्याचा एक आजार असतो. तो लवकर सापडला तर थोपवता येतो.

आता एक बाजू राहिली आणि ती सोडली तर मी सरकारचा वकील ठरेन. 2016 साली ऑगस्टच्या 2 तारखेला रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळचा पूल पुरात गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. त्या ड्रायव्हरांचा नंबर कितीही बरोबर असता तरी पुढे पूल नाही हे काळोखात कसे दिसणार होते? 28 जुलै 2018 ला आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली, तिसाच्या आसपास माणसे गेली, एकच वाचला. ते दिवसाढवळ्या झाले, तिथे डोळ्यांचा संबंध जोडायला माझ्याकडे काही आधार नाही आणि मी जोडणार नाही. कशेडीचा बोगदा 2023 पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला, घाटाचा वळसा वाचला. पण चौपदरीकरणाच्या नावाखाली वर्षानुवर्षे उखडून ठेवलेल्या रस्त्यावर पांढरा पट्टा नाही, वळणावर चमकणारी खूण नाही, वळवलेल्या रस्त्याची पाटी चिखलाने माखलेली. पांढरा पट्टा हा कमी दिसणाऱ्याचा आधार असतो. उद्या अपघात झाला आणि "ड्रायव्हरला चष्मा होता" एवढ्यावर पंचनामा मिटवायला लागले तर आपण सोडायचे नाही. आपल्या निवेदनात पट्टे, खुणा आणि घाटातले कठडे ही मागणी पहिली आहे. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी ठरलेल्या वारी हजर असावा ही दुसरी. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे. त्यात मोतीबिंदूची शिबिरे होतात, शाळेतल्या पोरांना चष्मे मिळतात. चाळिशीच्या आतला ड्रायव्हर कुठल्याच रांगेत बसत नाही.

आज रात्री घरी गेल्यावर एक करा. लांबचा एखादा दिवा निवडा. एक डोळा झाकून पाहा, मग दुसरा. दिवा फाकतो का, शेपटी निघते का, एकाचे दोन होतात का? असे झाले म्हणजे तिरका नंबरच असेल असे नाही, मोतीबिंदूनेही दिवे फाकतात. पण तपासायला जायचे, एवढे नक्की. नंबराच्या चिठ्ठीवर सिलिंडर आणि अ‍ॅक्सिसचे रकाने भरलेले असतील तर दुकानदाराने काचेत ते उतरवले का, हे विचारून घ्या. मी विचारले नव्हते.

बाहेर मैदानात आपल्या कार्यालयाची जीप उभी आहे. तिच्यापासून पंचवीस मीटरवर चुन्याची रेघ मारली आहे. जेवणाआधी सगळ्या ड्रायव्हरांनी रेघेवर उभे राहून एकेका डोळ्याने नंबरप्लेट वाचायची. कोणी कोणाला हळूच सांगायचे नाही. आणि अंधार पडला की जीपचे दिवे लावून पुन्हा एकदा तिथेच जमायचे. पुतण्याला मी वही घेऊन उभे केले आहे.