आज्ञा कोणती, माहिती कोणती?

(कोरेगाव येथील व्याख्यानाचा मजकूर)



कोरेगावचा वाघ्या घेवडा इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलला जातो, तेव्हा त्या काट्यातील चीप आपल्या स्मृतीत साठविलेल्या आज्ञावलीनुसार, म्हणजेच फर्मवेअरनुसार, वजन दाखविते. वैधमापन यंत्रणा प्रमाणित वजने ठेवून काटा तपासते. तथापि, आत काय लिहिले आहे याविषयीच शंका आली आणि मूळ आज्ञावली हाती नसली, तर तज्ज्ञांना ती साठवण उलगडून वाचावी लागते. या कामी डिसअसेम्बलर नावाची संगणक-प्रणाली साहाय्य करते. परंतु तिचा अहवाल डोळे मिटून स्वीकारणे योग्य नाही.

चीपमध्ये ० ते २५५ या संख्यांची केवळ एक रांग असते. त्यांपैकी काही आज्ञा असतात, तर काही अक्षरे वा कोष्टके. दोहोंवर वेगळी खूण नसते. मोडी कागदपत्रांत शब्द सुटे लिहीत नसत. चुकीच्या जागी तोडल्यास अर्थ बिघडे. येथेही तसेच घडते.

समजा, काट्याने पावतीवर आपल्या गावाचे नाव छापावयाचे आहे. ‘कोरेगाव’ हा शब्द यूटीएफ-८ पद्धतीने साठविल्यास २१ संख्या होतात. त्यांतील ‘क’च्या तीन : २२४, १६४ व १४९. इंटेल कंपनीने १९८० मध्ये आणलेल्या ८०५१ या चीपच्या भाषेत यांचाच अर्थ ‘बाहेरील स्मृतीतून मूल्य आण’, ‘गुणाकार कर’, ‘वजाबाकी कर’ असा होतो. शिवाय ही वजाबाकी पुढील अक्षराची पहिली संख्याही गिळून टाकते. गावाचे नावच हिशेब करू लागते! एखाद्यास तो वजन मारल्याचा पुरावा वाटेल आणि प्रामाणिक व्यापाऱ्यावर किटाळ येईल.

मग ओळखावे कसे? ८०५१ चीप सुरू होताच शून्य क्रमांकाच्या जागेवरून पहिली आज्ञा घेते. तेथून, तसेच व्यत्यय-संकेतांसाठी वापरात असलेल्या ठरीव जागांपासून, वाट धरावी आणि प्रत्येक फाट्यावर दोन्ही दिशांनी जावे. ही वाट जेथे पोहोचते, त्या आज्ञा. कोष्टक वाचणारी आज्ञा जेथे बोट दाखविते, ती बहुधा माहिती. २२४ व त्यापाठोपाठ १६४ किंवा १६५ ही जोडी दर तिसऱ्या स्थानी पुनःपुन्हा आली, तर तो देवनागरी मजकूर असण्याचा संभव मोठा. मात्र काही उड्यांचे ठिकाण यंत्र चालू असतानाच ठरते. तेथे वाट तुटल्यास ‘अनिर्णित’ असा शेरा लिहावा. अंदाजाने रकाना भरू नये.

असा अहवाल आपणापुढे आल्यास एवढेच विचारावे : ही आज्ञाच आहे, हे कशावरून? येथवर वाट कोठून आली? उत्तर मिळेपर्यंत कोणासही दोषी ठरवू नये.