संगणकाच्या आज्ञांची वही

कृष्णा आणि कोयना या दोन्ही नद्या सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरास उगम पावतात, कऱ्हाडास त्यांचा संगम होतो, आणि पावसाळा लागला कीं सांगलीकर आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलें तें विचारूं लागतात. ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. हे दोन आंकडे तेथील मुलांनाहि पाठ असतात.

तेथील कांहीं विद्यार्थ्यांनीं कोयनेचा विसर्ग व पुलाजवळची पातळी घेऊन त्यांचा आलेख घरोघर दाखविणारा संगणकाचा प्रोग्रॅम लिहिला आहे, असें समजावें. त्यास रोज चार आज्ञा द्याव्या लागतील : आंकडे आणणें, तपासणें, आलेख काढणें व तो प्रसिद्ध करणें. चारहि आज्ञा एकाच विद्यार्थ्याच्या डोक्यांत असल्या, तर ज्या रात्रीं पाणी चढतें त्याच रात्रीं तो परगांवीं गेलेला असावयाचा! दुसरा कोणी घाईंत एक पायरी गाळतो, आणि कालचा आलेख आजचा म्हणून लोकांपुढें जातो. सामान माडीवर चढवावें कीं नाहीं, हें त्या आलेखावरून ठरविणारीं कुटुंबें असतात.

यावरील उपाय जुनाच आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ सालीं ‘मेक’ नांवाचें साधन केलें. त्यांच्या एका सहकाऱ्याची सबंध सकाळ प्रोग्रॅममधील चूक शोधण्यांत गेली होती. वास्तविक चूक दुरुस्त झालेली होती, परंतु दुरुस्त मजकुरावरून प्रोग्रॅम नव्यानें बांधावयाचा राहिला होता. कोणती वस्तु कशापासून व कोणत्या आज्ञेनें होते, तें मेकसाठीं एका फाइलींत एकदां लिहून ठेवावयाचें. मग मेक दोहोंच्या वेळा ताडून पाहतें, आंकडे आलेखाहून नवे असले तरच आलेख पुन्हां काढतें, आणि एखादी पायरी फसली कीं तेथेंच थांबतें. आज्ञेच्या ओळीआधीं टॅबचीच मोकळी जागा लागते, हा जाच मात्र नवशिक्यांस अद्याप छळतो. आरंभींच्या डझनभर वापरणाऱ्यांची गैरसोय नको, म्हणून फेल्डमन यांनीं तो तसाच राहूं दिला.

जावास्क्रिप्टच्या प्रकल्पांत लांबलचक आज्ञांना ‘टेस्ट’, ‘बिल्ड’ अशीं छोटीं नांवें देऊन त्या ‘पॅकेज.जेसन’ या फाइलींत ठेवतात. तेथें ‘प्रीबिल्ड’ नांवाची आज्ञा ‘बिल्ड’च्या आधीं आपोआप चालते, व ती फसल्यास ‘बिल्ड’ होतच नाहीं. तपासणी तेथें ठेवली म्हणजे ती विसरण्याची सोयच उरत नाहीं.

मेकची मात्र एक खोड आहे. तें घड्याळ पाहतें, मजकूर पाहत नाहीं. आंकडे आणतांना मध्येंच जोडणी तुटली, तर अर्धी फाइल ताज्या वेळेची म्हणून मागें राहूं शकते, आणि पुढच्या खेपेस मेक तिलाच पूर्ण समजतें. फसलेली फाइल पुसून टाकण्याची तरतूद ग्नू मेकमध्यें आहे. पण त्यासाठीं एक ओळ स्वतः लिहावी लागते. ती ओळ पाणी चढण्याच्या आधीं, जून महिन्यांतच लिहावी, आणि जोडणी मुद्दाम तोडून ती चालते कीं नाहीं तें पाहावें.