कूलरच्या तीन वाटा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून कूलरवर बोलावे, हे कित्येकांस रुचणार नाही. पण व्याख्यान आटोपून आपण ज्या घरी परतणार, तेथे महिन्याभरात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळू लागेल. २३ मे २०१३ रोजी तर तो नागपुरात ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपात ज्या यंत्रापुढून आपण हलत नाही, त्याचा विचार घटकाभर करावयास हरकत नसावी.

हवेत ओलावा सोडण्याची विद्या आपल्या गावास नवी नाही. महालातून गांधीसागराकडे पावले टाकली की एम्प्रेस मिलची जागा लागते. आता तेथे गिरणी नाही, बाजारसंकुल आहे. जमशेटजी टाटांनी ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली, आणि हवा दमट करणारी यंत्रे हिंदुस्थानात प्रथम बसली ती याच गिरणीत. कोरड्या हवेत कापसाचा धागा ठिसूळ होऊन तटतट तुटतो, म्हणून ही तजवीज. माणसे आपली दाराखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपीत होती. आजचा कूलर त्या ताटीचाच वंशज आहे. पाणी शिंपणाऱ्या हाताच्या जागी पंप आला आणि वाऱ्याच्या जागी पंखा आला, एवढेच.

थंड मुलखातही हवा दमट करण्याची यंत्रे घरोघर असतात. पण तेथे हिवाळ्यात खोली तापविल्याने हवा शुष्क होते, म्हणून बंद खोलीत थोडी वाफ सोडली की काम भागते. आपल्याला ओलाव्याबरोबर गारवा हवा, आणि तो माठाच्या न्यायाने मिळतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना जी उष्णता खर्ची पडते, तेवढ्यात जवळजवळ सहा लिटर बर्फगार पाणी उकळीला येईल. ही उष्णता खोलीत शिरणाऱ्या हवेतूनच काढली जाते. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली, तर चांगला कूलर २८ अंशांची हवा देतो. श्रावणात ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असता मात्र तोच कूलर जेमतेम दोन अंश उतरवतो. तेव्हा दोष कूलरचा नव्हे, हवेचा असतो.

आता मुद्द्याकडे येऊ. कूलर घेताना आपण आत काय जाते ते पाहतो. बाहेर काय जाते ते पाहत नाही. आमच्या मते कूलरची सारी निगा तीन वाटा मोकळ्या ठेवण्यात आहे.

पहिली वाट हवेची. महालातल्या अरुंद गल्ल्यांत खोल्यांना पुष्कळदा एकच खिडकी, आणि तिच्यात कूलर. मग गारवा निसटू नये म्हणून दार लावून घेतले जाते. आम्हीही कित्येक वर्षे हेच केले, आणि अंग चिकचिकू लागले की कूलरला बोल लावला. ओली हवा बाहेर गेल्यावाचून नवी गार हवा आत येत नाही. तेव्हा समोरचे दार किंवा झरोका उघडा हवा. खरेदीचा हिशेबही येथेच करावा. खोलीचे घनफूट काढून त्याचे अर्ध करावे. मिनिटाला निदान तितके घनफूट वारा देणारा कूलर घ्यावा. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीस सहाशे पुरतात.

दुसरी वाट पाण्याची. वाफ होते ती पाण्याची. क्षार मागेच राहतात. नुसते वरून पाणी घालीत राहिलो, तर टाकीत खारे पाणी साचते, ताट्यांवर पांढरा थर बसतो आणि वारा अडतो. लाकडाच्या तंतूंच्या ताट्या स्वस्त, पण त्या दर हंगामाला बदलाव्या. जाळीदार कागदी ताट्या महाग, पण अधिक टिकतात. याहून मोठे संकट डासांचे. डेंग्यूचा डास टाकीच्या भिंतीला, पाण्याच्या रेषेवर अंडी चिकटवतो. ती कोरडी राहूनही महिनेच्या महिने जगतात, आणि पाणी लागले की आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून भिंती घासाव्या. पावसाळा लागताच कूलर कोरडा करून झाकावा. टाकीतले जुने पाणी अंगण धुवावयास चालते.

तिसरी वाट विजेची, आणि हिच्याविषयी आम्हांस कळकळीने सांगावयाचे आहे. पत्रा, पाणी आणि वीज एकत्र आल्यावर धोका निराळा सांगावयास नको. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा झटका बसून माणसे, बहुधा पाणी भरणाऱ्या बाया आणि खेळणारी मुले, जिवास मुकतात. आमच्या घरी एकदा पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येत. ‘ओल्या हातामुळे असेल’ म्हणून आम्ही तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी वायरमनने पाहिले तो पंपाच्या वायरचे आवरण गेलेले, आणि प्लगाची तिसरी पिन आमच्यापैकीच कोणीतरी कापलेली. भिंतीत दोनच भोकांचा सॉकेट होता ना! ती तिसरी पिन म्हणजे चुकल्या विजेला जमिनीत जाण्याची वाट. ती बंद केली की वीज माणसाच्या देहातून वाट काढते. तेव्हा जमिनीचा जोड तपासून घ्यावा. गळती होताच प्रवाह तोडणारी ३० मिलिअँपिअरची कळ बसवावी. आणि पाणी भरताना, पुसताना नुसते बटन बंद न करता प्लग काढावा. शरीर प्लास्टिकचे असले तरी हा नियम मोडू नये, कारण पंप पाण्यातच असतो. झिणझिणी ही सूचना आहे. दुसरी सूचना मिळेलच असा भरवसा नाही.

सज्जनहो, गिरणीतल्या धाग्याची काळजी या गावाने दीडशे वर्षांपूर्वी घेतली. घरातल्या माणसाची तितकी तरी घ्यावी. आज घरी गेल्यावर कूलर सुरू करण्याआधी त्या तिसऱ्या पिनेकडे एकदा पाहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.