हरवलेल्या बालकांचा शोध : शासनाचे उत्तरदायित्व



बालक हरवते तेव्हा त्याच्या दोन नोंदी होणे अपेक्षित असते. गावच्या पोलीस ठाण्यात ते ‘हरवलेले’ असते. दूरच्या शहरातील बालगृहात तेच ‘सापडलेले’ असते. या दोन नोंदींची गाठ पडत नाही, तोवर पालकांची वणवण थांबत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबासाठी शोधाचा प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी होय. म्हणूनच हा शोध कुटुंबाच्या ऐपतीवर न सोडता सार्वजनिक खर्चातून होणे, हे कल्याणकारी राज्याचे कर्तव्य ठरते.

गरिबांच्या तक्रारींची वेळीच दखल घेतली नाही तर काय घडते, हे नोएडातील निठारी येथे डिसेंबर २००६ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणाने देशाला दाखवून दिले. पुढे ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा आदेश दिला. बालक हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीवर प्रथम माहिती अहवाल नोंदवणे बंधनकारक झाले आणि अन्यथा सिद्ध होईपर्यंत अपहरण वा मानवी तस्करीची शक्यता गृहीत धरावी, असे ठरले. चार महिन्यांत बालक न सापडल्यास तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो. दुसरीकडे, सापडलेल्या बालकाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करणे, हे बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार आवश्यक आहे.

शासकीय साहाय्याचा विस्तारही टप्प्याटप्प्याने झाला. मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेली १०९८ ही दूरध्वनी सेवा देशभर पोहोचली. २००९-१० मध्ये एकात्मिक बाल संरक्षण योजना आली. त्यानंतर ‘ट्रॅक चाइल्ड’ आणि २०१५ मध्ये नागरिकांसाठी ‘खोया-पाया’ ही संकेतस्थळे आली. ही व्यवस्था पुढे ‘मिशन वात्सल्य’मध्ये एकवटली. या योजनेचा खर्च केंद्र व राज्ये साधारणपणे ६०:४० या प्रमाणात उचलतात. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी हे प्रमाण ९०:१० आहे.

गाझियाबाद पोलिसांनी २०१४ मध्ये ‘ऑपरेशन स्माइल’ राबवताना आपली पथके बाहेरगावच्या बालगृहांत पाठवली आणि अनेक बालके घरी परतली. बालके तेथे होतीच; त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचले नव्हते.

मात्र, पुनर्भेट म्हणजे पुनर्वसन नव्हे. ज्या दारिद्र्यामुळे बालक घराबाहेर पडले, ते कायम राहिल्यास ते पुन्हा घर सोडण्याचा धोका राहतो. यासाठी मिशन वात्सल्यमध्ये पात्र बालकाला प्रायोजकत्वापोटी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे.

संगणक लाखो छायाचित्रे पडताळू शकतो; परंतु जी नोंद झालीच नाही, ती तो जुळवणार कशी? म्हणूनच या सर्व खर्चाचे फलित अखेर ठाणे अंमलदाराच्या मेजावर ठरते. रात्री उशिरा आलेल्या मजूर मातेची तक्रार तेथे त्याच क्षणी लिहून घेतली जाते की नाही, हीच या व्यवस्थेची खरी कसोटी आहे.