सेवा आणि मरणाची परवानगी
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा सारांश)



मंगल प्रसंगी मरणाचा विषय काढावा का, असा संकोच होता. परंतु घोडबंदर रोडवरील आपल्या उंच इमारतींत अंथरुणाला खिळलेले वृद्ध आणि अपंग आहेत. स्वेच्छामरणाच्या कायद्याची चर्चा अखेर त्यांच्याच उशाशी येऊन थांबते.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये तेथीलच एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. मेंदूची इजा कधीच भरून आली नाही. त्यांना मरण येऊ द्यावे, ही पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने त्यांची सेवा करणाऱ्या के.ई.एम.च्या कर्मचारीवर्गाला दिला, आणि त्यांना त्या जगायला हव्या होत्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले. नात्याची नव्हे, सेवेची साक्ष ग्राह्य धरली गेली, हे मला त्या निकालाचे मर्म वाटते.

त्याच निकालाने कठोर अटींवर जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. २०१८ मध्ये पूर्वलिखित वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. मरणासन्न देहावर निष्फळ उपचार लादू नयेत, यात वाद नाही.

भीती आहे ती पुढच्या पायरीची. कॅनडात २०१६ चा कायदा मृत्यू दृष्टिपथात असलेल्यांसाठी होता. २०२१ मध्ये तो तसा नसलेल्या गंभीर आजारी व अपंगांनाही लागू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने मार्च २०२५ मध्ये ही वाढीव तरतूद रद्द करण्याची शिफारस केली. मदतनीस नाही, पैसा नाही, म्हणून कोणी मरण मागितले, तर त्याला स्वेच्छा कसे म्हणावे?

‘मग आपली सल्लेखना?’ असे तरुण विचारतात. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये तिला आत्महत्येच्या पंक्तीत बसवले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. परंतु न्यायालयापूर्वी आपले शास्त्र पाहावे. तत्त्वार्थसूत्रात मरणाची आकांक्षा हा सल्लेखनेचा अतिचार, म्हणजे दोषच, मानला आहे. ‘मी घरच्यांना ओझे झालो’ म्हणून अन्न सोडणारा सल्लेखना करीत नसतो.

टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिरामुळे श्रीपाळ-मयणासुंदरीची कथा ठाणेकरांना घरची वाटते. श्रीपाळाचा कुष्ठरोग बरा झाला, हे आपण आवर्जून सांगतो. मयणेने त्याचा हात धरला तेव्हा तो बरा नव्हता. अरुणाताई तर कधीच बऱ्या झाल्या नाहीत.

घरातली आजी ‘देवाने आता न्यावे’ म्हणते, तेव्हा वेदना असह्य आहेत की सून थकलेली दिसते, हे तिला एकटीला गाठून विचारावे. वेदना असतील तर वेदनाशमनाचे डॉक्टर गाठावेत. सून थकली असेल, तर आपल्यापैकी कोणीतरी आठवड्यातील एक दुपार आजीजवळ बसावे. त्यासाठी नावे देण्याची वही आज बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे.