एक इंच मोकळीक



संयोजकांनी सांगितलं, "तुझ्या क्षेत्राविषयी दहा मिनिटं बोल." माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. जेवणाआधी त्यावर बोलले तर अर्धा हॉल पंगतीत जाऊन बसेल. म्हणून मी आज क्लचविषयी बोलणार आहे. हसू नका, तुमच्यापैकी निम्मे जण पावसाळ्यात ज्या जीपमधून घरी गेलेत, त्याच जीपच्या क्लचची ही गोष्ट आहे.

बाबांची ती हिरवी जीप तुम्हाला आठवत असेल. ती सीजे-३बी. विलीज कंपनीने अमेरिकेत हे मॉडेल १९५३ साली आणलं आणि पुढे महिंद्राने ते आपल्याकडे बनवलं. आत उंच हरिकेन इंजिन बसवायचं म्हणून तिचं बॉनेट उंच केलेलं. आपण तिला "उंच कपाळाची" म्हणायचो. बाबांचे गुडघे गेल्यावर ती चार वर्षं मांगराच्या पडवीत उभी होती. भाऊ म्हणाला, भंगारात देऊ. मी म्हटलं, थांब, मी इंजिनिअर आहे. त्याचं उत्तर इथे सांगत नाही.

दोन सुट्ट्यांत ती चालू झाली, पण एक खोड राहिली. क्लच पूर्ण दाबूनही रिव्हर्स टाकताना गिअर करकरायचा. म्हणजे पाय पेडलवर असूनही क्लच पुरता सुटत नव्हता. पेडल खालपर्यंत जात होतं, पण त्याची हालचाल क्लचपर्यंत पुरेशी पोहोचत नव्हती.

हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. पेडल दाबलं की एक दांडा आडव्या नळीला फिरवतो. ही नळी दोन्ही टोकांना गोळ्यांवर टेकलेली असते. नळी केबल ओढते, केबल फोर्क ओढते, फोर्क रिलीज बेअरिंग पुढे ढकलतो आणि ते बेअरिंग प्रेशर प्लेटची तीन बोटं दाबतं. तेव्हा कुठे इंजिन आणि गिअरबॉक्सची फारकत होते. केबलच्या टोकाला योक आणि लॉकनट असतो. तो फिरवून केबल आखूड किंवा लांब करता येते. सगळं ॲडजस्टमेंट म्हणजे एवढंच.

मी काय केलं? केबल आखूड केली. करकर कमी झाली. आणखी आखूड केली. करकर थांबली. मी खूश! आमच्या धंद्यातही हेच चालतं. सर्व्हर वेळेत उत्तर देईना की टाइमआउट वाढवायचा. तक्रार बंद होते, दुखणं तिथेच राहतं.

पण पेडलच्या वरच्या टप्प्यात साधारण इंचभर मोकळीक लागते. तेवढा पाय विनासायास आत गेला पाहिजे. ती मोकळीक म्हणजे बेअरिंग आणि बोटं यांच्यातलं अंतर. प्लेट झिजत जाते तसं हे अंतर आपोआप कमी होतं, म्हणून ते आधीच राखून ठेवायचं असतं. मी ते सगळं संपवून टाकलं होतं. पेडलवर पाय नसतानाही बेअरिंग बोटांना दाबूनच बसलेलं होतं.

दिवाळीत बाबांना शेजारी बसवून चिपळूणहून कराडला निघाले. कुंभार्ली घाटाच्या अर्ध्यावर पुढचा ट्रक मंदावला. मी गिअर उतरवला, ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन किंचाळलं आणि जीप मात्र जागच्या जागी. मग जळका वास. मागे एसटी, तिच्यामागे आणखी चार गाड्या, आणि उताराची ओढ. मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभीच राहिले. ब्रेकही माझ्याच हातचे होते, हे तेव्हा आठवलं. माझ्या शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा होते, आणि त्यांना त्या गाडीत मी बसवलं होतं.

एसटीचा कंडक्टर उतरला आणि त्याने मागच्या चाकाला दगड लावला. गाड्या बाजूने निघून गेल्या. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "मोकळीक ठेवली नाहीस. गार होऊ दे, मग नट सोड." अर्ध्या तासाने चाकांना पुढून-मागून दगड लावून मी जीपखाली शिरले आणि नट मागे घेतला. पकड आली, त्याबरोबर करकरही परत आली. आम्ही तोंड फिरवून हळूहळू घरी उतरलो.

वाटेत मी विचारलं, "बाबा, हे तुम्हाला माहीत होतं, तर आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तू विचारलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी मी विचारायला गेले, ते आपल्या टेक्निकलच्या सरांकडे. सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. आठवीत मुलं टेक्निकलला गेली आणि आम्ही मुली शिवणाला. कानशीचा आवाज यायचा, मी वर्कशॉपच्या खिडकीशी उभी राहायची. मला आत यायचं होतं. पण मला कुणी नाही म्हटलं नव्हतं, हेही आज सांगायला हवं. मी विचारलंच नव्हतं.

सर बॅटरी घेऊन आले. पाना हातात घेतलाच नाही. बाबांना सीटवर बसवलं, मला खाली झोपवलं आणि म्हणाले, "अप्पा, पेडल दाबा. आणि तू फक्त बघ गो, आधी कोण हलतंय."

मी बघितलं. पेडलची पिन आपल्या भोकात आधी डुलली, कारण भोक लांबट झालं होतं. नळीचं टोक गोळ्यावर झिजलं होतं, त्यामुळे जोर आला की नळी फिरण्याऐवजी तिरकी व्हायची. इंजिनाखालचे रबर बसले होते. इंजिन पुढे सरकू नये म्हणून जी ताणाची तार असते, ती लोंबत होती. त्यामुळे क्लच दाबला की इंजिनच जरासं हलायचं. या सगळ्यांनी आपापला वाटा घेतल्यावर फोर्क सर्वांत शेवटी आणि जेमतेम हलला. दोष नटात नव्हताच, आणि मी महिनाभर नटच फिरवत होते.

मग भोकं भरून नव्याने पाडली. नव्या पिना, नवा गोळा, दुरुस्त केलेली नळी, नवे रबर, तार ताणलेली. घाटात भाजलेली प्लेट आणि बेअरिंगही बदललं. आणि सगळ्यात शेवटी नट. पेडलला इंचभर मोकळीक ठेवून लॉकनट आवळला. रिव्हर्स टाकला, तर आवाज नाही. सर म्हणाले, "आता कळलं? ॲडजस्टमेंट शेवटी करायची. आधी झीज काढायची."

हे वाक्य मी ऑफिसात फळ्यावर लिहून ठेवलंय. टाइमआउट वाढवायला कोणी आलं की मी म्हणते, आधी कोण हलतंय ते दाखव.

बाबांना मात्र आता दर रविवारी फोनवर एक तरी प्रश्न विचारते. कधी कार्ब्युरेटरचा, कधी आंब्याच्या मोहराचा. ते आधी म्हणतात, "एवढंही माहीत नाही?" आणि मग अर्धा तास बोलतात.

जीप बाहेर वर्कशॉपच्या खिडकीखाली उभी आहे, बाबा तिच्यातच बसलेत. जेवण झालं की ज्यांना चक्कर मारायची असेल त्यांनी या. अट एकच. गिअर बदलून झाला की पाय पेडलवरून पूर्ण काढायचा. नुसता टेकवून ठेवलात, तरी ती एक इंच मोकळीक जाते. आणि बाबांचं बारीक लक्ष असतं.